उसन्या ड्रॉइंगवरची इंजिनं

बारामतीत तीनचाकी गाड्या बनवणारी पियाजो, शेंद्रा आणि चाकणमुळे आपल्याकडे रुळलेली स्कोडा, पैसेवाल्यांच्या दारात उभी असणारी बीएमडब्ल्यू आणि आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसणारी अल्फा रोमिओ. या नावांच्या कारखान्यांनी दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत विमानांची इंजिनं बनवली, आणि तीही दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून. पियाजोने फ्रेंच कंपनीचं लायसन्स घेतलं, अल्फा रोमिओने इंग्रज कंपन्यांचं, बीएमडब्ल्यूने अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचं. स्कोडा ही तेव्हा तोफांपासून रेल्वे इंजिनांपर्यंत सगळं करणारी चेक कंपनी होती. तिच्या वॉर्सामधल्या कारखान्यात अमेरिकन राइट कंपनीचं इंजिन तयार होत असे. मला सर्वांत आवडते ती ही वॉर्साची गोष्ट, पण तिथवर जायला थोडा वेळ लागेल.

माझी नोकरी ओडिशात कोरापूटजवळ सुनाबेड्याला गेली. मिग विमानांची इंजिनं तिथे रशियन लायसन्सवर बनत. सुट्टीत कोल्हापूरला आलो की उद्यमनगरातले मित्र हटकून विचारत, ‘त्यात तुमचं काय? कागद त्यांचा, डोकं त्यांचं. तुम्ही नुसते आयत्या बिळावरचे नागोबा.’ ही मंडळी स्वतः ऑइल इंजिनांच्या धंद्यात मुरलेली, त्यामुळे टोमणा जरा जास्तच लागायचा. निवृत्तीनंतर मी जुन्या लायसन्सवाल्यांच्या मागे लागलो, त्याला हा टोमणाच कारण.

आता इंजिनाकडे येतो. मोटारीत सिलिंडर सहसा एका ओळीत असतात. रेडियल इंजिनात क्रँककेस गोल असते आणि सिलिंडर तिच्या परिघावर सारख्या अंतराने, बाहेरच्या बाजूला डोकं करून बसवलेले असतात. प्रत्येकावर पातळ धातूच्या फिन. विमान पुढे जातं, वारा फिनमधून वाहतो, सिलिंडर थंड राहतो. पाणी नाही, म्हणजे रेडिएटर नाही, पंप नाही, गळणारे होजपाइप नाहीत. जहाजावरून विमानं उडवणाऱ्या अमेरिकन आरमाराला याचं महत्त्व सर्वांआधी पटलं. क्रँकशाफ्टही आखूड आणि दणकट, कारण सगळे पिस्टन एकाच क्रँकपिनवर काम करतात.

सगळे एकाच पिनवर कसे मावतात? एकच कनेक्टिंग रॉड थेट पिनवर बसतो. त्याला मास्टर रॉड म्हणतात. बाकीचे रॉड त्याच्या मोठ्या टोकाला छोट्या पिनांनी जोडलेले असतात. सगळ्या इंजिनात फिटरची सर्वाधिक परीक्षा इथे होते. मास्टर रॉडचं बेअरिंग बिघडलं तर एक सिलिंडर बंद पडून भागत नाही, अख्खं इंजिन जातं. काही कंपन्या क्रँकशाफ्ट दोन तुकड्यांत करून रॉड अखंड ठेवत, काही नेमकं उलट करत. आणि प्रत्येक जण आपलीच पद्धत खरी मानत असे.

रेडियलमधल्या सिलिंडरांच्या एका वर्तुळालाही ओळच म्हणतात, आणि अशा एका ओळीतल्या सिलिंडरांची संख्या नेहमी विषम असते: तीन, पाच, सात, नऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. गोल पंगत बसली आहे आणि वाढपी एक पान सोडून एक वाढत निघाला आहे असं समजा. पानं पाच असतील तर पहिल्या फेरीत पहिलं, तिसरं, पाचवं होतं. तसाच पुढे गेला की दुसरं, चौथं होतं आणि तो बरोबर पहिल्यापाशी पोचतो. पानं सहा असतील तर पहिलं, तिसरं, पाचवं, की पुन्हा पहिलं. उरलेले तिघे उपाशीच उठणार. नऊ सिलिंडरांचा क्रम म्हणून १-३-५-७-९-२-४-६-८ असा असतो. त्या सर्वांचे व्हॉल्व्ह उघडायला एक कॅमची तबकडी पुरते. तिच्यावर चार उंचवटे असतील तर ती क्रँकच्या उलट दिशेने, क्रँकच्या एक अष्टमांश वेगाने फिरते. मी शिकाऊ असताना हे गणित कागदावर मांडून पाहिलं होतं. ते जुळतं तेव्हा फार बरं वाटतं.

दोष नाहीत असं नाही. इंजिन उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी प्रॉपेलर हाताने सावकाश फिरवायचा, अडला तर जोर न लावता खालचे प्लग काढून तेल सोडून द्यायचं. आपल्या हवाई दलातली ऑटर विमानं रेडियल इंजिनावर चालत. त्यांवर काम केलेले जुने फिटर हा नियम अजून शाळेच्या पाढ्यासारखा म्हणून दाखवतात. दुसरा दोष वाऱ्याला अडवण्याचा. नऊ सिलिंडर पसरलेलं रुंद नाक हवेत घुसवायचं म्हणजे वेगाचं नुकसान. १९२८-२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टाउनेंडची कडी आणि अमेरिकेत पूर्ण झाकणारं काउलिंग आलं, तेव्हा ही तक्रार बरीचशी मिटली.

पहिल्या महायुद्धात हवेने थंड होणारी इंजिनं होती ती बहुतेक रोटरी. त्यांत क्रँकशाफ्ट स्थिर आणि सिलिंडरांसकट सगळं इंजिनच गरगर फिरे, एरंडेल तेलाचे फवारे वैमानिकाच्या तोंडावर उडवत. शक्ती वाढवायची तर एवढं वजन आणखी वेगाने फिरवायचं, याला लवकरच मर्यादा आली. सिलिंडर एका जागी ठेवून ते थंड कसे ठेवायचे, हा प्रश्न युद्धानंतर उरला. आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स लॉरन्सने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला २०० अश्वशक्तीचं नऊ सिलिंडरांचं इंजिन करून दाखवलं. त्याचा कारखाना लहान. आरमाराला मोठ्या संख्येने इंजिनं हवी होती, म्हणून त्यांच्याच आग्रहाने राइट कंपनीने १९२३ मध्ये लॉरन्सची कंपनी विकत घेतली. पुढे इंग्लंडहून आलेल्या सॅम हेरॉन नावाच्या इंजिनिअरचं संशोधन या इंजिनाला लाभलं. फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात त्याने हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरचा कसून अभ्यास केला होता. पोलादी सिलिंडर, त्यावर गरम करून आटे देऊन घट्ट बसवलेलं ॲल्युमिनियमचं डोकं, आणि पोकळ दांड्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्या पोकळीत सहज वितळणारा क्षार, पुढे सोडियम, अर्धवट भरलेलं. व्हॉल्व्ह वर-खाली होतो तसा आतला द्रव हिंदकळतो आणि तापलेल्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेऊन सोडतो. इतकं साधं! जळून गेलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्याने हातात घेतले आहेत त्याला या युक्तीची किंमत कळेल.

हे इंजिन म्हणजे राइट व्हर्लविंड जे-५. नऊ सिलिंडर, २२० अश्वशक्ती, वजन २३० किलोंच्या आसपास. मे १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा गेला तो याच इंजिनावर, साडेतेहतीस तास न थांबता. पुढच्याच महिन्यात चेंबरलिन आणि लेविन याच इंजिनावर अमेरिकेहून थेट जर्मनीत उतरले. १९२८ मध्ये किंग्जफर्ड स्मिथचं तीन इंजिनांचं ‘सदर्न क्रॉस’ पॅसिफिक ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोचलं; तिन्ही व्हर्लविंडच. लिंडबर्गचं नाव जगभर झालं. माझ्या मते निम्मं श्रेय त्या न बंद पडणाऱ्या यंत्राचं, आणि १९२७ ची कॉलियर ट्रॉफी लॉरन्सला देणाऱ्यांनाही तसंच काहीसं वाटलं असावं.

आता प्रत्येक देशाला असं इंजिन हवं झालं. नुसतं विकत घेतलं तर युद्धात पुरवठा तुटणार. स्वतः शून्यातून करायचं तर पाच-सात वर्षं आणि अमाप पैसा. मधला मार्ग लायसन्स. ठरावीक रक्कम, शिवाय प्रत्येक इंजिनामागे रॉयल्टी. बदल्यात ड्रॉइंग, प्रोसेसचे कागद, नमुन्याची इंजिनं. इंग्लंडच्या ब्रिस्टल कंपनीचं ज्युपिटर हे यातलं सर्वांत फोफावलेलं झाड. रॉय फेडनने ते आखलं. ज्या कॉसमॉस कंपनीत ते जन्मलं ती बुडाली आणि १९२० मध्ये ब्रिस्टलने तिचा धंदा अवघ्या १५,००० पौंडांत घेतला. नंतर डझनभराहून अधिक देशांनी त्याचं लायसन्स घेतलं. स्वीडनमध्ये रेल्वे इंजिनं करणाऱ्या नोहाबने ते बनवलं, हंगेरीत सायकली आणि दारूगोळा करणाऱ्या मानफ्रेड वाइसने बनवलं. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ मध्ये कराचीला उभी राहिली, तिच्या वापिटी विमानांवरही ज्युपिटरच होतं. मात्र ते थेट इंग्लंडमधून आलेलं.

लायसन्सच्या कारखान्यात पहिली कुस्ती होते ती मापांशी. इंग्रज-अमेरिकन ड्रॉइंग इंचात, युरोपातली यंत्रं आणि गेज मिलिमीटरमध्ये. ज्युपिटरच्या सिलिंडरचा व्यास पावणेसहा इंच, म्हणजे १४६.०५ मिलिमीटर. फ्रान्सच्या नोम-रोन कंपनीच्या इंजिनांत तो १४६ झाला. ब्रिस्टलच्याच टायटन इंजिनाचा साडेसहा इंचांचा स्ट्रोक १६५.१; तो झाला १६५. रशियनांनी अमेरिकेच्या सायक्लोन इंजिनावरून एम-२५ केलं तेव्हा १५५.५७५ चे १५५.५ आणि १७४.६२५ चे १७४.५ झाले. व्यासातली पाच शतांश मिलिमीटर म्हणजे आमच्या टर्नरच्या भाषेत दोन थाऊ. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण व्यास बदलला की पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, त्यांची फट बदलली, प्रत्येक गेज नवं. मूळ कंपनीचा सुटा भाग आता तुमच्या इंजिनात बसेलच याची खात्री नाही. या एका राउंडिंगमध्ये नकलेचा काळ संपून स्वतःच्या जबाबदारीचा काळ सुरू होतो, असं मी समजतो. सुनाबेड्याला आमची ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच होती, ती एक कटकट वाचली. पण रशियन अक्षरं वाचण्यात पहिली काही वर्षं जी गेली ती गेलीच.

दुसरी कुस्ती धातूशी. ड्रॉइंगवर मिश्रधातूचा नंबर असतो, तो तुमच्या देशात ओतला जात असेलच असं नाही. सिलिंडरच्या डोक्यावरच्या फिनचंच घ्या. त्या जितक्या पातळ आणि जवळजवळ, तितकं इंजिन थंड. पण वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियम त्या चिंचोळ्या फटीच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच थिजतं आणि फिन अर्धवट राहते. माझ्या वडिलांची कोल्हापुरात लहानशी फौंड्री होती. साचा किती कोरडा हवा, धातू किती तापवायचा, कुठून ओतायचा हे त्यांनी कधी कुठल्या कागदावर वाचलं नव्हतं, आणि कुठल्या लायसन्सच्या कागदातही ते पुरतं उतरत नाही.

आता वॉर्सा. पोलंड १९१८ मध्ये सव्वाशे वर्षांच्या फाळणीतून पुन्हा देश म्हणून उभा राहिला आणि लगेच रशियाशी लढला. सुरुवातीची विमानं आणि इंजिनं बहुतेक फ्रान्सची. १९२० च्या दशकाच्या मध्यावर स्कोडाने वॉर्साच्या ओकेंचे विमानतळाजवळचा एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. सुरुवातीला फ्रेंच लॉरेनची पाण्याने थंड होणारी इंजिनं केली आणि मग व्हर्लविंड जे-५ हाती घेतलं. २२० अश्वशक्तीचं हे भरवशाचं यंत्र पोलंडच्या गरजेला अगदी बरोबर बसलं. लुब्लिन शहरातल्या कारखान्याने यर्झी रुडलित्स्कीच्या आराखड्यावरून आर-१३ हे टेहळणी विमान केलं. पंख वैमानिकाच्या डोक्यावर उंच, चाकं दणकट, शेतातूनही उडावं असं. अशी पावणेतीनशेच्या आसपास बनली. तीन इंजिनांची फॉकर विमानं तिथेच लायसन्सवर बनत, म्हणजे लायसन्सच्या विमानावर लायसन्सची इंजिनं. शिकाऊ वैमानिकांसाठी पीडब्ल्यूएस-२६ हे दोन पंखांचं विमान होतं, त्यालाही व्हर्लविंडच.

इथवरची गोष्ट अनेक देशांची आहे. पुढची स्तानिस्वाफ नोव्हकुन्स्कीमुळे वेगळी झाली. हा तरुण इंजिनिअर स्कोडाच्या त्या कारखान्यात दुसऱ्यांची इंजिनं बनत असताना स्वतःची लहान रेडियल इंजिनं आखत होता. एकाचं नाव ‘चार्नी पिओत्रुश’, म्हणजे काळा पिओत्रुश. त्याचं खरं यश मात्र जीआर-७६०. त्यासाठी ‘चॅलेंज’ स्पर्धेबद्दल थोडं सांगायला हवं.

१९२९ ते १९३४ या काळात हलक्या विमानांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा चार वेळा झाली. नुसता वेग पुरेसा नसे. विमान किती सावकाश उडतं, आठ मीटर उंचीचा अडथळा ओलांडायला किती धाव लागते, पंख किती पटकन दुमडतात, इंजिन किती चटकन सुरू होतं, तेल किती पितं, या सगळ्याला गुण. मग हजारो किलोमीटरची युरोपफेरी. १९३२ मध्ये बर्लिनला पोलंडचे फ्रान्सिशेक झ्विर्को आणि स्तानिस्वाफ विगुरा आरडब्ल्यूडी-६ विमानातून पहिले आले. विमान पोलंडचं, इंजिन मात्र आर्मस्ट्राँग सिडलीचं जेनेट मेजर, इंग्लंडचं. थोड्याच दिवसांत, ११ सप्टेंबरला, वादळात विमान कोसळून दोघेही गेले. जिंकलेल्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची, म्हणून १९३४ ची वॉर्सात झाली. फेरी साडेनऊ हजार किलोमीटरची, उत्तर आफ्रिकेपर्यंत जाऊन परत. जर्मनीने मेसरश्मिटचं नवंकोरं बीएफ-१०८ उतरवलं होतं. पहिला आला यर्झी बायान, आरडब्ल्यूडी-९ विमानात. दुसरा क्रमांकही आरडब्ल्यूडी-९ लाच. बायानच्या विमानाच्या नाकात होतं नोव्हकुन्स्कीचं जीआर-७६०, सुमारे २९० अश्वशक्तीचं, वॉर्सात आखलेलं आणि वॉर्सातच घडवलेलं.

व्हर्लविंडचं लायसन्स घेतल्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. ज्या फौंड्रीने आणि ज्या लेथवाल्यांनी अमेरिकन सिलिंडर केले, त्यांच्याच हातांनी नोव्हकुन्स्कीची कल्पना धातूत उतरली. उद्यमनगरच्या मित्रांना मी हेच उत्तर देतो, आणि ते लगेच विचारतात, ‘मग तुमच्या सुनाबेड्यातून कुठला नोव्हकुन्स्की निघाला?’ प्रश्न वाजवी आहे. नोव्हकुन्स्की नियमाने निघत नाही. त्याला स्वतःचं इंजिन आखायची मुभा देणारा कारखाना, आणि त्यासाठी वाट पाहणारी स्पर्धा, दोन्ही लागतात.

नोव्हकुन्स्की गिर्यारोहकही होता. १९३६ मध्ये तात्रा पर्वतात चढाई करताना तो मेला, वयाची तेहतीस-चौतीस वर्षंही उलटली नसताना. स्कोडाचा तो कारखाना सरकारजमा होऊन पीझेडएल या सरकारी विमान कंपनीचा भाग झाला. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन रणगाडे आले तेव्हा आर-१३ विमानं अजून हवाई दलाच्या तुकड्यांत होती. इतक्या संथ विमानांचा मेसरश्मिटपुढे निभाव लागणं शक्य नव्हतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन घुसले आणि लाखो पोलिश माणसं सायबेरियाकडे हाकलली गेली. त्यांतलीच काही इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली, १९४३ पासून पुढची पाच वर्षं, सुमारे पाच हजार माणसं. माझ्या आईला त्यांच्या चर्चच्या घंटेचा आवाज आठवत असे.

मुलगी क्राकोला नोकरीला आहे, त्यामुळे तिथलं विमान संग्रहालय मला बघायला मिळालं. शहराच्या कडेला जुन्या धावपट्टीवर ते आहे. बहुतेक लोक पी-११ या लढाऊ विमानापाशी थांबतात, आणि योग्यच आहे. जगात उरलेलं ते एकुलतं एक, त्याचं मर्क्युरी इंजिनही ब्रिस्टलच्या लायसन्सचं. मी मात्र पीडब्ल्यूएस-२६ समोर जास्त वेळ उभा होतो. नऊ सिलिंडरांचं ते तोंड. मुलगी म्हणाली, ‘बाबा, गार्ड बघतोय, वाकू नका इतकं.’

सगळ्यांनी लायसन्स पोलंडसारखं सरळपणे पचवलं असं नाही. नोम-रोनने ब्रिस्टलकडून ज्युपिटर आणि मग पाच सिलिंडरांचं टायटन घेतलं. त्याच सिलिंडरच्या मापावर त्यांनी पाच, सात, नऊ आणि दोन ओळींत चौदा सिलिंडर अशी स्वतःची ‘के’ मालिका उभी केली, आणि ही आता आमची इंजिनं, असं जाहीर केलं. इंग्रजांना रॉयल्टी द्यायला लागू नये हा त्यातला एक उघड हेतू. पुढे याच मालिकेची लायसन्स त्यांनी इटली, रुमानिया, हंगेरी, रशियाला विकली. पियाजोचं स्टेला इंजिन त्यांतलंच. पण फेडनही रिकाम्या हाती राहिला नाही. प्रॉपेलरचा वेग कमी करणारा फ्रान्सच्या फार्मनचा गिअर ब्रिस्टलने आपल्या इंजिनांत घेतला.

आपल्याकडे हे सगळं कुठे होतं? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. १९४१ मध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालं ते हार्लो कंपनीचं प्रशिक्षण विमान. त्याला डेट्रॉइटच्या वॉर्नरचं सात सिलिंडरांचं सुपर स्कॅरब हे छोटं रेडियल इंजिन होतं. ते तयारच खोक्यातून आलं. मग युद्धाच्या धामधुमीत सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि अमेरिकन विमानांची दुरुस्ती, इंजिनांचं ओव्हरहॉल हेच मुख्य काम झालं. ओव्हरहॉलमध्ये इंजिन उघडायला, मापायला आणि पुन्हा बांधायला शिकता येतं. सिलिंडर ओतायला शिकता येत नाही. बंगळुरूला इंजिन बनवण्याचा कारखाना १९५७ मध्ये उभा राहिला तो ब्रिस्टलच्याच ऑर्फियससाठी, आणि ते जेट इंजिन होतं. फिन ओतण्याची ती वीस वर्षं आपल्या वाट्याला आलीच नाहीत. आमच्या पिढीला पहिल्या दिवसापासून टर्बाइनच्या पात्यांशी झुंजावं लागलं.